मार्फन सिंड्रोम: भिंग सरकलंय, इको मात्र ‘नॉर्मल’. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा 14 वर्षांचा, उंची 178 सेंमी, वजन 52 किलो. चष्म्याचा नंबर भराभर वाढतोय म्हणून दाखवलं तेव्हा दोन्ही डोळ्यांतली भिंगं वर सरकलेली दिसली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मार्फन?’ (शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) असं लिहून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. इकोच्या रिपोर्टात महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) 36 मिमी रुंद आहे आणि खाली ‘नॉर्मल’ असा शेरा आहे. मुलाचे काका 34 व्या वर्षी छातीत कळ येऊन तासाभरात गेले. घरात 9 वर्षांची धाकटी बहीण आहे. आईचं विचारणं असं: इको नॉर्मल असेल तर काळजीचं काही आहे का? आणि मुलाची शाळेच्या व्हॉलीबॉल संघात निवड झालीय, तर त्याला खेळू द्यावं का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दिलेले आकडे बरोबर असतील तर हा इको नॉर्मल नाही. भिंग सरकलेलं असणं आणि महाधमनीचं मूळ रुंदावलेलं असणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की मार्फन सिंड्रोमचं निदान होतं, त्यासाठी जनुकीय तपासणीच्या रिपोर्टाची वाट पाहावी लागत नाही. व्हॉलीबॉल सध्या थांबवा. आणि मुलाच्या वडिलांचा इको याच आठवड्यात करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी.

आता त्या 36 मिमीबद्दल. बहुतेक इको मशीनवर मोठ्या माणसाच्या महाधमनीची मर्यादा 37 ते 40 मिमीच्या आसपास धरलेली असते. 36 हा आकडा तिच्या आत बसतो, म्हणून ‘नॉर्मल’ छापून येतं. पण महाधमनीची रुंदी शरीराच्या आकारमानाशी ताडून पाहायची असते. त्यासाठी शरीराचं पृष्ठफळ काढतात: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले 3600, आणि त्याचं वर्गमूळ. 178 गुणिले 52 म्हणजे 9256, भागिले 3600 म्हणजे 2.57, वर्गमूळ 1.6 चौरस मीटर. एवढ्या पृष्ठफळाच्या मुलात महाधमनीचं मूळ साधारण 26 मिमी असायला हवं आणि फार तर 30-31 मिमीपर्यंत चालेल. 36 मिमीचा झेड स्कोअर 4 च्या पुढे जातो. झेड स्कोअर म्हणजे सरासरीपासून आपण किती प्रमाण विचलनं लांब आहोत ते. 2 आणि त्यापुढचं सगळं रुंदावलेलं समजायचं.

मोजणी कुठे केली हेही तितकंच महत्त्वाचं. पुष्कळ रिपोर्टांत ‘एओ’ असा एकच आकडा असतो. तो एम-मोडमध्ये एका रेषेवर घेतलेला असतो आणि ती रेषा सर्वांत रुंद जागेवरून जाईलच असं नाही. मार्फनमध्ये फुगते ती झडपेच्या लगेच वरची जागा, म्हणजे सायनसेस ऑफ व्हल्साल्वा. म्हणून इको पुन्हा करायला जाताना सांगा की चार आकडे हवेत: झडपेचं कडं, सायनस, त्याच्या वरचा सायनोट्यूब्युलर सांधा आणि चढती महाधमनी. सोबत त्या दिवशीची उंची, वजन आणि झेड स्कोअर. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मागे फुगते का, गळते का आणि महाधमनीची झडप गळते का, हेही लिहून मागा. शक्यतो बालहृदयरोगतज्ज्ञांकडे करा. पुढची वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करत राहा. मुलांत आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, हृदय आकुंचन पावलेलं असताना मोजण्याची पद्धत आहे. मोठ्यांत एका भिंतीच्या पुढच्या कडेपासून दुसरीच्या पुढच्या कडेपर्यंत, हृदय सैल असताना मोजतात. नुसती पद्धत बदलली तरी 2-3 मिमीचा फरक पडतो. मग कुणाला खोटी वाढ दिसते आणि कुणाची खरी वाढ झाकली जाते. सीटीवरचा आकडा इकोपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने जास्त येऊ शकतो. आकड्यांची तुलना करायची तर इकोची इकोशी आणि सीटीची सीटीशी.

हे सगळं एकाच आजारात का येतं ते थोडक्यात. 15 व्या गुणसूत्रावर एफबीएन1 नावाचं जनुक आहे. मार्फनशी त्याचा संबंध 1991 मध्ये सिद्ध झाला. त्यातून फायब्रिलिन-1 हे प्रथिन तयार होतं. डोळ्यातलं भिंग जागेवर धरून ठेवणारे बारीक तंतू जवळजवळ पूर्णपणे याच प्रथिनाचे असतात, म्हणून भिंग सरकतं. महाधमनीच्या भिंतीतले लवचीक पदर एकमेकांशी आणि स्नायूपेशींशी बांधलेले राहतात तेही याच्याच आधाराने. शिवाय टीजीएफ-बीटा या वाढीच्या संदेशद्रव्याला फायब्रिलिन आवरून धरतं. तो आवर सुटला की भिंत आतून बदलत जाते. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. प्रत्येक ठोक्याचा पहिला ताण महाधमनीच्या मुळावर येतो आणि कमकुवत भिंत हळूहळू पसरते. ठरावीक रुंदीनंतर आतला थर फाटून रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं, त्याला डिसेक्शन म्हणतात. मार्फनमध्ये जीव जातो तो बहुतेक वेळा याने. 1972 च्या एका अमेरिकी पाहणीत मार्फनच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय 32 होतं. आज वेळेवर निदान, औषध आणि शस्त्रक्रिया मिळालेली माणसं सत्तरीपर्यंत जगतात. हा फरक पडला तो महाधमनीवर लक्ष ठेवल्यामुळे. डोळे, पाठ, पाय यांचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत, पण वर्षाच्या तपासण्यांतली एकच करायला जमणार असेल तर ती इकोची करा.

निदानाचे निकष 2010 मध्ये सुधारले गेले, त्यांना सुधारित घेंट निकष म्हणतात. घरात आधी कुणाला आजार नसेल तर पुढीलपैकी एक जोडी जुळावी लागते: रुंद महाधमनी आणि सरकलेलं भिंग; रुंद महाधमनी आणि एफबीएन1 मधला रोगकारक बदल; रुंद महाधमनी आणि शरीरावरच्या खुणांचे 20 पैकी 7 किंवा जास्त गुण; किंवा सरकलेलं भिंग आणि महाधमनीच्या आजाराशी जोडला गेलेला एफबीएन1 बदल. घरात पक्कं निदान झालेलं कुणी असेल तर सरकलेलं भिंग, 7 गुण किंवा रुंद महाधमनी यांतली एक गोष्टही पुरते. त्यात रुंद म्हणजे विशीपुढे झेड 2 आणि त्याआधी 3. तुमच्या मुलात पहिलीच जोडी जुळते. म्हणजेच मुलाचं निदान पक्कं झालं की वडिलांना आणि बहिणीला दुसरा, सोपा निकष लागू होतो.

गुण मोजणं घरी करण्याची गोष्ट नाही, पण दोन खुणा कुणालाही पाहता येतात. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटायची. अंगठ्याचं अख्खं शेवटचं पेर करंगळीच्या बाजूने बाहेर आलं तर अंगठ्याची खूण आहे. दुसऱ्या हाताच्या मनगटाला अंगठा आणि करंगळीने वेढा घालायचा. अंगठ्याने करंगळीचं पूर्ण नख झाकलं तर मनगटाची खूण आहे. दोन्ही असतील तर 3 गुण, एकच असेल तर 1. भिंतीला पाठ लावून हात पसरून मधल्या बोटांमधलं अंतर मोजलं आणि ते उंचीच्या 1.05 पटीहून जास्त भरलं तर तीही एक खूण, पण तिचा गुण धडाच्या आणि पायांच्या प्रमाणाबरोबरच धरतात. पुढे आलेली छाती, टाचेपासून आत वळलेला पाय, फुप्फुसाभोवती आपोआप हवा साचण्याची घटना, कण्याच्या टोकाकडे मज्जारज्जूचं आवरण फुगणं आणि आत शिरलेली खुब्याची वाटी यांना प्रत्येकी 2 गुण. खोलगट छाती, नुसतं सपाट पाऊल, पाठीचा बाक, पूर्ण सरळ न होणारं कोपर, 3 च्या पुढचा मायनस नंबर, मायट्रल झडपेचा फुगवटा आणि वजन न वाढता खांद्यावर किंवा कमरेवर आलेल्या आडव्या चिरा यांना एकेक. नुसती उंची आणि सडपातळ बांधा म्हणजे मार्फन नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. लांब बोटांची, काटक अंगाची निरोगी मुलं पुष्कळ असतात.

सरकलेल्या भिंगाचं दुसरं एक कारण आधी वगळायला हवं, ते म्हणजे होमोसिस्टिन्युरिया. तीही मुलं उंच, किडकिडीत आणि जवळच्या नजरेची असतात. मार्फनमध्ये भिंग बहुधा वर आणि कानाच्या बाजूला सरकतं, तर होमोसिस्टिन्युरियात खाली आणि नाकाच्या बाजूला. पण एवढ्यावर विसंबू नका. हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्नं झालेल्या कुटुंबांत त्याची शंका जास्त घ्यावी लागते. त्यात रक्ताच्या गाठी होतात, बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो आणि काही रुग्णांना नुसत्या बी6 जीवनसत्त्वाने मोठा गुण येतो, म्हणून तो सुटता कामा नये. तपासणी एकच: रक्तातलं एकूण होमोसिस्टीन. उपचार न झालेल्यांत ते बहुधा 100 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर असतं. नमुना बर्फावर ठेवून त्यातल्या रक्तपेशी लवकर वेगळ्या केल्या नाहीत तर आकडा खोटाच वाढतो, आणि मुलगा बी6 असलेल्या गोळ्या घेत असेल तर खोटाच कमी येऊ शकतो. दोन्ही गोष्टी लॅबमध्ये आधी सांगा.

महाधमनी रुंद होण्याची आणखी दोन नावं डॉक्टरांच्या डोक्यात असतात. लोएस-डिट्झ सिंड्रोममध्ये पडजीभ दुभंगलेली, डोळ्यांमधलं अंतर जास्त आणि धमन्या नागमोडी असतात. तिथे महाधमनी कमी रुंदीवरच फाटते, म्हणून शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. रक्तवाहिन्यांच्या प्रकारच्या एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोममध्ये त्वचा इतकी पातळ असते की छातीवरच्या शिरा दिसतात, आणि आतडं किंवा मधल्या आकाराची धमनी अचानक फुटते. या दोन्हींत भिंग सरकत नाही, त्यामुळे तुमच्या मुलाबाबत त्यांची शक्यता फार कमी.

मग जनुकीय तपासणी कशासाठी? मुलासाठी नव्हे, घरच्यांसाठी. निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांत एफबीएन1 मधला बदल सापडतो. मुलातला नेमका बदल कळला की बहिणीच्या आणि वडिलांच्या रक्तात तेवढाच शोधायचा. तो नसेल तर त्या व्यक्तीची आयुष्यभराची इकोची फेरी संपते. रिपोर्टात ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असेल तरच त्यावर निर्णय घ्यायचा. ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलं असेल तर त्या बदलाच्या आधारे कुणाला मोकळं सोडायचं नाही आणि कुणावर शिक्काही मारायचा नाही. आजार आई-वडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्यात तो जाण्याची शक्यता निम्मी असते. चारपैकी एका रुग्णात मात्र बदल नव्याने झालेला असतो, घराण्यात कुणालाच नसतो. तुमच्याकडे काकांचा मृत्यू तसा झालेला असल्यामुळे हा ‘नवा बदल’ धरून चालणं धोक्याचं आहे. त्यांना हृदयविकाराचा झटका आला असेलही, पण ते सिद्ध होत नाही तोवर ती महाधमनीच होती असं धरा. वडिलांबरोबर आजी-आजोबा, आत्या आणि काकांची मुलं या सगळ्यांचा एकेक इको आणि डोळ्यांची तपासणी व्हायला हवी. बहिणीचा आताचा इको चांगला आला तरी जनुकीय उत्तर मिळेपर्यंत तो दर वर्षी करायचा, कारण रुंदी वयाबरोबर वाढते.

औषधाचं बोलू. झेड स्कोअर एवढा असताना औषध सुरू करण्यात दिरंगाई नको, पण ते हृदयरोगतज्ज्ञांच्या हातूनच. दोन गट वापरले जातात. बीटा ब्लॉकर ठोक्याचा जोर आणि वेग कमी करतात; मुलांत बहुतेक वेळा ॲटेनोलॉल देतात. सार्टान गटातलं लोसार्टान किंवा इर्बेसार्टान रक्तदाब उतरवतं. 2014 मध्ये 608 मुलं-तरुणांवर झालेल्या चाचणीत ॲटेनोलॉल आणि लोसार्टान तीन वर्षांत बरोबरीचे ठरले. 2022 मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं की सार्टान घेतल्याने मूळ रुंदावण्याचा वेग जवळपास निम्मा होतो आणि बीटा ब्लॉकरसोबत दिलं तर फायद्यात भर पडते. म्हणून माझा कल असा: एकाने सुरुवात, ते अंगी लागलं की दुसऱ्याची जोड.

ॲटेनोलॉल सुरुवातीला दिवसाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला सुमारे 25 मिलिग्रॅम, आणि पुढे दर काही आठवड्यांनी नाडी पाहून वाढवायचं. नुसती गोळी चालू आहे याला अर्थ नाही, ती पुरेशी आहे का ते पाहायचं: बसल्या जागी नाडी 60 ते 70 आणि दोन मजले चढून आल्यावर 110 च्या आत. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच की सुरुवातीचा 25 मिलिग्रॅमचा डोस मुलगा 75 किलोचा झाला तरी तोच राहतो. दमा असेल तर बीटा ब्लॉकर टाळावं लागतं. थकवा, हात गार पडणं, वाईट स्वप्नं, अभ्यासात मरगळ हे त्रास होतात. ते सांगायला मुलं कचरतात आणि गुपचूप गोळी सोडतात. अचानक सोडली तर नाडी आणि रक्तदाब उसळतो, म्हणून विचारत राहा. लोसार्टान 25 मिलिग्रॅमपासून, किलोमागे 1.4 मिलिग्रॅमपर्यंत आणि कितीही वजन असलं तरी 100 च्या वर नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम पाहायचं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून लोसार्टानबद्दल विचारा.

आणि काय घ्यायचं नाही, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही फ्लोरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं महाधमनीची भिंत आणखी कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2018 मध्ये तसा इशारा दिला. आपल्याकडे पोट बिघडलं की औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी सहज मिळते. ती या घरात नको. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन रक्तदाब वाढवतं. व्यायामशाळेत मिळणाऱ्या ‘प्री-वर्कआउट’ पावडरी बंद. वजन वाढत नाही म्हणून टॉनिकं आणि मास गेनरही नकोत, या मुलांचा बांधाच तसा असतो. विडी-सिगारेट तर नाहीच.

खेळाबद्दल. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन हिने 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि जानेवारी 1986 मध्ये जपानमधल्या एका सामन्यादरम्यान ती बाकावर बसली असताना कोसळली. वय 31. महाधमनी फाटली होती, आणि तिला मार्फन होता हे शवविच्छेदनात कळलं. उंच मुलांना व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल संघात ओढलं जातं, तिथेच हा आजार लपून राहतो. या मुलाने स्पर्धात्मक व्हॉलीबॉल, कबड्डी, कुस्ती, मल्लखांब, दहीहंडी, वजनं उचलणं, पुलअप, शंभर मीटरची धाव हे सोडायचं. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात कुठल्या कुठे जातो. पाण्याने भरलेला ड्रम, गॅसचा सिलिंडर, सिमेंटची गोणी उचलणं यांतही तेच होतं. बद्धकोष्ठही अंगावर काढू नका. कुंभक आणि जोरकस भस्त्रिका नको. शीर्षासन डोळ्यांसाठी नको. पण मुलाला कोचावर बसवून ठेवणं हा उपाय नाही. चालणं, सपाट रस्त्यावर सायकल, शर्यत नसलेलं पोहणं, निवांत बॅडमिंटन हे रोज व्हावं. खेळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढं माप पुरे. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात ‘व्यायाम बंद’ असं न लिहिता काय चालेल आणि काय नाही ते लिहून घ्या, नाहीतर पीटीच्या तासाला मुलगा कायमचा बाजूला बसवला जातो.

छातीत दुखणं. हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. अचानक, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोरात, छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मधे दुखू लागलं, कळ पाठीकडून पोटाकडे सरकली, सोबत घाम, चक्कर, एका हाता-पायातली ताकद गेली किंवा क्षणभर शुद्ध हरपली, तर ते डिसेक्शन समजूनच हालचाल करायची. तासाभरात दुखणं ओसरलं म्हणजे धोका टळला असं नाही. चढत्या महाधमनीचं डिसेक्शन झालं तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढत जातो. 108 ला फोन करा आणि शक्य असेल तर जिथे सीटी अँजिओग्राफी आणि हृदयशस्त्रक्रिया दोन्ही आहेत तिथेच न्यायला सांगा.

चूक कुठे होते? वय कमी म्हणून ‘ॲसिडिटी आहे’ असं सांगून इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. दुसरी चूक याहून घातक आहे. फाटलेला थर उजव्या हृदयधमनीच्या तोंडावर आला तर ईसीजी हुबेहूब झटक्यासारखा दिसतो आणि गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज दिलं जातं. डिसेक्शनमध्ये त्याने जीव जाऊ शकतो. त्यामुळे दारातून आत शिरतानाच सांगा: ‘याला मार्फन आहे, महाधमनी इतकी मिमी आहे, रक्त पातळ करण्याआधी सीटी अँजिओ करा.’ ईसीजी नॉर्मल, छातीचा एक्स-रे नॉर्मल यावर समाधान मानू नका. दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यायला सांगा, 20 चा फरक असेल तर शंका बळावते, पण फरक नसला तरी ती जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी सीटी नसेल तर वेदनाशामक आणि शिरेतून एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल देऊन नाडी 60 च्या आसपास आणि वरचा रक्तदाब 100 ते 120 ठेवत पुढे पाठवायचं. आधी नाडी आवरायची, मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. उलट क्रमाने दिलं तर हृदय जोराने धडधडतं आणि फाट वाढते.

हे होऊ न देण्यासाठीच नियोजित शस्त्रक्रिया. मोठ्यांत मूळ 50 मिमी झालं की करायची. घरात डिसेक्शन झालेलं असेल, वर्षात 3 मिमी किंवा जास्त वाढ होत असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर 45 मिमीला. काकांमुळे तुमच्याकडे 45 हाच आकडा डोक्यात ठेवा. पुन्हा इको सहा महिन्यांनी, वाढ स्थिर असेल तर पुढे दर वर्षी, आणि एकदा संपूर्ण महाधमनीचा एमआरआय, कारण इकोत छातीच्या खालचा भाग नीट दिसत नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 675 मार्फन रुग्णांच्या शस्त्रक्रियांच्या आढाव्यात नियोजित शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात 1.5 टक्के रुग्ण दगावले, आणीबाणीत केलेल्यांत 11.7 टक्के. यापेक्षा स्पष्ट आकडे नाहीत.

शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची. बेंटॉलमध्ये मूळ आणि झडप दोन्ही बदलतात. यांत्रिक झडप टिकते, पण आयुष्यभर रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवण्याची कटकट मागे लागते. डेव्हिड पद्धतीत स्वतःची झडप ठेवून फक्त मूळ बदलतात, वॉरफरिन लागत नाही. झडप खराब होण्याआधी गेलं आणि शल्यविशारदाचा हात त्यात बसलेला असेल तर तरुणांसाठी हीच चांगली, मुलींसाठी तर विशेष, कारण वॉरफरिनने गर्भाला इजा होते. ‘वर्षाला अशा किती करता?’ हे निःसंकोच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रिया आहेत. तुमची शस्त्रक्रिया बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. शस्त्रक्रियेनंतरही बाकीची महाधमनी मार्फनचीच असते, औषध आणि तपासण्या चालूच राहतात.

डोळ्यांचं: बाहुली मोठी करून दर वर्षी स्लिट लॅम्प आणि पडद्याची तपासणी. चष्म्याने किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने दिसत असेल तोवर भिंग काढण्याची घाई नको. काढायचंच झालं तर पडद्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच. नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया करू नका. डोळ्यापुढे अचानक ठिणग्या, काळे ठिपक्यांचे लोट किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी, आणि डोळा लाल होऊन ठणकू लागला, धूसर दिसू लागलं तरी त्याच दिवशी जा. भिंग पुढे घसरून दाब वाढलेला असू शकतो.

पाठ वाढीच्या वयात दर सहा महिन्यांनी वाकवून पाहायची. मार्फनमध्ये पट्ट्याचा उपयोग इतर मुलांपेक्षा कमी होतो आणि बाक 45-50 अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रिया लागते. सपाट पावलांना आतल्या गादीचे बूट पुरतात. एका बाजूला अचानक दुखून धाप लागली तर फुप्फुसाभोवती हवा साचली असेल, तेव्हा लगेच एक्स-रे काढा.

बहिणीला आजार निघाला तर लग्नाआधी नव्हे, आत्तापासूनच तिला कळेल अशा भाषेत सांगत जा. पुढे गर्भधारणेचं ठरवण्याआधी इको आणि सल्ला, लोसार्टान आधीच बंद, बीटा ब्लॉकर चालू. 40 मिमीच्या आत असेल तर डिसेक्शनचा धोका सुमारे एक टक्का, 45 च्या पुढे असेल तर आधी शस्त्रक्रिया. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ठरावीक अंतराने इको. पाठीत भूल देणार असतील तर मणक्यातल्या आवरणाच्या फुगवट्याची कल्पना भूलतज्ज्ञांना आधी द्यायची, कारण त्यामुळे भूल पुरी लागत नाही.

पुढच्या भेटीला जाताना इकोची सीडी, फक्त कागद नव्हे, डोळ्यांचा रिपोर्ट, काकांचे त्या दिवशीचे जे काही कागद घरात असतील ते आणि वडिलांच्या इकोचा आकडा सोबत न्या. मुलाच्या पाकिटात आणि तुमच्या मोबाइलमध्ये एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर निदान, महाधमनीची शेवटची मोजणी आणि तिची तारीख, चालू औषधं, टाळायची औषधं आणि डॉक्टरांचा नंबर असावा, आणि प्रत्येक इकोनंतर त्यातला आकडा बदलावा.